केशरी डबा आणि खुर्चीवरचा अँप

(दृश्य: फक्त पाय. कॅनव्हासचा बूट, लेस सुटलेली.)

हा पाय बघा. त्याच्या पुढ्यात केशरी रंगाचा जो डबा आहे ना, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा, त्याच्याकडे लक्ष ठेवा. आत्ता काही होत नाहीये. गिटार अगदी साध्या आवाजात चाललीय, तेच चार सूर फिरून फिरून, ड्रमवाला नुसता टिकटिक करतोय. आणि आता...

(पेडल दाबल्याचा आवाज. लाल दिवा. अख्खा बँड.)

झालं. हा डबा म्हणजे पेडल, पायाने दाबलं की गिटारचा आवाज फाडणारं. आणि ग्रंज, म्हणजे नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सिॲटल शहरातून आलेलं ते खरखरीत रॉक, म्हणजे बरंचसं हेच. हळू, मग धाडकन, मग परत हळू. पण हा एक टक् नीट वाजावा म्हणून या चार पोरांनी जे आठ महिने घालवले त्याची ही गोष्ट आहे, आणि त्यातले सहा महिने चुकीच्या वस्तू घेण्यात गेले हे मी आधीच सांगून टाकतो.

(दृश्य: बेसमेंट. भिंतीवर अंड्यांचे ट्रे, एका कोपऱ्यात उभी केलेली गादी.)

पुण्यात कर्वेनगरमधलं बेसमेंट. अंड्याचे ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही असं सगळ्यांना वाटतं, जातो, वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा. बँडमध्ये चौघे. गाणारा, तोच एक गिटार वाजवतो, दुसरा गिटारवाला, बेस आणि ड्रम. नव्वदच्या सुरुवातीची सिॲटलची गाणी वाजवायची एवढं ठरलेलं, बाकी काहीच ठरलेलं नव्हतं.

सिॲटलचं फुटेज अर्थातच आपल्याकडे नाहीये, त्यामुळे भिंतीवरची पोस्टरं दाखवतोय, चालवून घ्या. पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे ही मंडळी महागड्या सामानावर वाजवत नव्हती. निर्वाणा या बँडची पहिली रेकॉर्ड, ब्लीच, १९८९ ची, जॅक एंडिनो नावाच्या माणसाने रेकॉर्ड केली आणि तिचा खर्च कव्हरवरच छापलाय, ६०० डॉलर, खरं बिल ६०६ डॉलर १७ सेंट. जॅग्वार, मस्टँग या ज्या गिटारी आज लाखाच्या घरात जातात त्या तेव्हा कुणाला नको होत्या, जॅग्वार तर फेंडर कंपनीने १९७५ मध्ये बंदच केलेली, म्हणून त्या सेकंडहँड स्वस्तात मिळायच्या, म्हणून या पोरांच्या हातात आल्या. पेडलचंही तेच. मडहनी नावाच्या बँडने १९८८ मध्ये आपल्या रेकॉर्डला चक्क दोन फझ पेडलांची, म्हणजे आवाज जाड, लोकरीसारखा फाडणाऱ्या पेडलांची, नावं जोडून दिली, सुपरफझ आणि बिगमफ. म्हणजे आपण गाडीला बाळाचं नाव देतो तसं उलटं, बाळाला गाडीचं.

दुसरी गोष्ट, ही जाता जाता. सिॲटलच्याच साउंडगार्डन बँडचा गिटारवाला किम थायिल, जन्म सिॲटलचाच, पण आईवडील केरळचे. हे पोस्टर आमच्या ड्रमरने लावलंय आणि तो प्रत्येक नव्या माणसाला हे सांगतो. आता मीही सांगितलं.

(दृश्य: छोटा अँप, वर तीसेक आवाजांची नावं लिहिलेलं गोल बटण.)

तर खरेदी नंबर एक. हा छोटा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करून स्पीकरमधून काढणारा डबा. आठ इंची स्पीकर, आणि या बटणात तीस अँप भरलेत असं खोक्यावर लिहिलेलं. बेडरूममध्ये हा खरंच भारी वाजतो, मी स्वतः ऐकलाय. ड्रमवाल्याने पहिला फटका मारला आणि हा गायब. म्हणजे चालू होता, दिवा होता, गिटारवाल्याचा हात हलत होता, तो शॉट आत्ता तुमच्यासमोर आहे, आवाज मी वाढवलेला नाही.

मग अर्थातच सगळे दुसऱ्या टोकाला गेले. शंभर वॅट, चार स्पीकरचं कपाट, फोटोत असतं तसं. इथे एक हिशोब सांगतो जो दुकानात कुणी सांगत नाही. दहा वॅटच्या दुप्पट मोठं ऐकू यायला वीस वॅट नाही लागत, साधारण शंभर लागतात. म्हणजे पन्नासचा शंभर केला तर कानाला जेमतेम फरक, खिशाला मात्र दुप्पट. कॅफेएवढ्या जागेला चांगला बारा इंची स्पीकर असलेला तीस-चाळीस वॅटचा अँप पुष्कळ होतो, व्हॉल्व्हवाला, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, असेल तर पंधरा-वीसमध्येही भागतं. वॅटच्या मागे लागू नका, स्पीकरकडे बघा.

(दृश्य: मोठा काळा अँप, कोपऱ्याला "ऑर्केस्ट्रा" असं पांढऱ्या रंगाने लिहिलेलं.)

हे खरेदी नंबर दोन आणि हा माझा आवडता शॉट आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याकडून घेतलेला, स्वस्त, आवाज म्हणाल तर मांडव हलेल. साधी गिटार लावली तर गोड. केशरी डबा दाबला आणि कढईत मोहरी तडतडायला लागली. कारण कसंय, कीबोर्डच्या अँपमध्ये वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा भोंगा असतो, तो सगळं बारीक बारीक बाहेर फेकतो. गिटारच्या अँपचा स्पीकर मुद्दाम बहिरा असतो, साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो बोलतच नाही, आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाची, सगळी घाण तिथेच वर बसलेली असते. म्हणजे ज्याला आपण गिटारचा जाड, गरम आवाज म्हणतो तो निम्मा स्पीकरच्या या बहिरेपणातून आलेला असतो. हा अँप नंतर गाणाऱ्याच्या माइकला लावला, तिथे मस्त चाललाय.

(दृश्य: जॅम रूममधला रोलँड, दोन स्पीकर, चंदेरी पट्टी.)

आणि मग एका भाड्याच्या जॅम रूममध्ये हा भेटला. रोलँड जेसी-१२०, १९७५ पासून बनतोय, दोन बारा इंची स्पीकर, व्हॉल्व्ह नाही, सगळे ट्रान्झिस्टर. याला स्वतःचं डिस्टॉर्शनचं बटण आहे, ते फिरवून बघा आणि परत शून्यावर आणा, त्याबद्दल जास्त बोलत नाही. पण याचा क्लीन आवाज, म्हणजे साधा, न फाटणारा आवाज, तो कितीही वाढवा तसाच राहतो. पाण्यासारखा. आणि तिथे पोरांची ट्यूब पेटली. ते सहा महिने फाटका आवाज शोधत होते, आणि हवा होता तो स्वच्छ. हळू कडव्याला गिटार स्वच्छ आणि खणखणीत असेल तरच धाडकनला धाडकनपणा येतो, नाहीतर सगळंच भुरकट. फाटायचं काम पेडल करेल, अँपने फक्त मध्ये पडायचं नाही.

रोलँड विकत घेण्याइतके पैसे नव्हते. पण काय शोधायचं ते कळलं. शेवटी हा मिळाला, जुना ट्रान्झिस्टरवाला, दोन बारा इंची स्पीकर, वरची नावाची पट्टी निघालेली, मागे झुरळाचं एक रिकामं कवच पण होतं, ते मी शूट केलं होतं, दाखवत नाही.

आता माझं मत विचाराल तर, आणि हा व्हिडिओ माझा आहे म्हणून सांगतोच, पैशांचे दोन भाग करा, मोठा भाग अँपला द्या. लोक उलटं करतात. पाच पेडल घेतात आणि मग अँपला पैसे उरत नाहीत. मल्टीइफेक्ट, म्हणजे एकाच डब्यात सगळी पेडलं, त्यांचं वेगळं, ते चांगले असतात, कबूल, पण स्टेजवर वाकून मेनू शोधणारा ग्रंजवाला मला बघवत नाही.

(दृश्य: केशरी डबा, हातात, उलटा केलेला.)

बॉस डीएस-१. १९७८ पासून मिळतोय. तीन बटणं, टोन, लेव्हल, डिस्टॉर्शन. निर्वाणाच्या कर्ट कोबेनच्या पायाखाली हा असायचा, नंतर त्याचा मोठा भाऊ डीएस-२. आमच्या पोरांनी सेकंडहँड घेतला, तैवानमध्ये बनलेला जुना, आणि घरी आणल्यावर आवाज मेलेला. दिवा पण मिणमिणता. आठवडाभर सगळे विकणाऱ्याला शिव्या देत होते. मग कुणीतरी डबा उलटा केला. हे बघा, खाली ए-सी-ए असं छापलंय. जुन्या बॉस पेडलना बारा व्होल्टचा वेगळ्या जातीचा अडॅप्टर लागायचा, आजचा नऊ व्होल्टचा लावला की ते उपाशी राहतात. बॅटरी टाका, ठणठणीत. किंवा एकाच अडॅप्टरला चेन वायर लावून शेजारच्या नव्या पेडलबरोबर जोडा, मग ग्राउंड शेजाऱ्याकडून मिळतं आणि दिवा बघा कसा भरून पेटतो. (दिवा पेटतो.) हा शॉट एका टेकमध्ये मिळालाय. आणि हो, बॅटरीवर असाल तर इनपुटची वायर काढून ठेवत जा, ती खुपसलेली असली की पेडल बंद असूनही बॅटरी पीत राहतं.

(दृश्य: सोल्डरिंग. धूर. स्टीलचा जेवणाचा डबा.)

आणि हा दुसऱ्या गिटारवाल्याचा. दोन गिटारी एकाच पेडलवर वाजवल्या तर काय होतं? भाताची पेज होते. म्हणून दुसऱ्याला फझ द्यायचं ठरलं. बिगमफ, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा, त्याची सर्किट चार ट्रान्झिस्टरची, इंटरनेटवर सगळीकडे मिळते. पठ्ठ्याने तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सामान आणलं, रेझिस्टर, डायोड, तीन पॉट, म्हणजे फिरवायची बटणं, एक पायाने दाबायचा स्विच, आणि पहिल्या रविवारी काहीच वाजलं नाही. दुसऱ्या रविवारी रेडिओ वाजला. खरंच, मराठी बातम्या. तिसऱ्या रविवारी एक डायोड उलटा बसवलाय हे सापडलं, आणि आईचा जुना टिफिन ड्रिल करून त्यात सगळं बसवलं. डबा धातूचा हवाच, तो ग्राउंडला जोडला की घरातल्या वायरिंगची घूंघूं आत शिरत नाही, प्लास्टिकच्या डब्यात ती शिरते. झाकणाची कडी अजून लागते. आतून थोडा लोणच्याचा वास येतो असं तो म्हणतो, ते कॅमेऱ्यात येत नाही.

(दृश्य: टिफिनवरची बटणं. तीनही पूर्ण उजवीकडे.)

आता इथे भांडण झालं होतं. बिगमफची गंमत ही की त्याच्या आवाजाचं पोट आत गेलेलं असतं. खालचा घुमारा आहे, वरची धार आहे, मधलं काढून घेतलंय. एकट्याने वाजवला तर भिंत कोसळल्यासारखा. बँडमध्ये? खाली बेस बसलाय, वर झांजा, आणि मधली जागा, जी गिटारची, तीच याच्यात नाही. तर गिटारवाला म्हणतो मी ऐकू येत नाही, आवाज वाढवतो, मग गाणारा वाढवतो, मग सगळेच. उपाय अगदी साधा निघाला. अँपवरचं मिडलचं बटण. घरी ते सगळे खाली ठेवतात कारण एकटं ऐकायला ते नाकातलं लागतं. बँडमध्ये ते वर घ्या. आणि डिस्टॉर्शन जेवढं वाटतं त्याच्या अर्धं. जोर लेव्हलमधून आणा, म्हणजे पाय पडल्यावर आवाज नुसता फाटत नाही, मोठापण होतो. (बटण फिरतंय. ऐका.) हे मी तीनदा दाखवतोय, मला माहितीये.

तिसरं पेडल एकच, कोरस. स्मॉल क्लोन नावाच्या पेडलच्या धर्तीचं, एक बटण, एक खटका, बास. ते पाण्याखालचं डुलणं त्यातूनच येतं. क्रम विचाराल तर ट्यूनर, फझ किंवा डिस्टॉर्शन, मग कोरस. उलटंही करून बघा, घाणेरडं वाजतं, पण कधीकधी तेच हवं असतं.

(दृश्य: अँप उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवतायत.)

आणि हे फुकटचं. अँप जमिनीवर असला की आवाज गुडघ्यांना लागून पुढे निघून जातो. गिटारवाल्याला वाटतं धार कमी आहे, तो ट्रेबल वाढवतो, आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानात सुई. खुर्चीवर ठेवा, जरा मागे कलता, तोंड आपल्या डोक्याकडे. तोच अँप, तीच बटणं, आणि त्याचा चेहरा बघा.

बेसवाल्याबद्दल काही बोललो नाही. त्या दिवशी तो उशिरा आला, त्याचं शूट नाहीये.

(दृश्य: कॅफे. अंधार, माणसं, कुणाचातरी हात.)

पहिला शो, साठेक माणसं, जागेच्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं त्यामुळे गाणाऱ्याच्या ओठाला माइकचा झटका बसला, दोन गाणी त्याने लांबूनच म्हटली, दहाला स्पीकर बंद करायला लावले, शेवटचं गाणं राहिलं. कॅमेऱ्याची बॅटरी त्याआधीच गेली होती, त्यामुळे पुढचा अर्धा मिनिट मोबाइलवरचा आहे, आवाज फाटलाय, तो मी तसाच ठेवतोय आणि गप्प बसतोय.

(निवेदन नाही. ३० सेकंद.)

(दृश्य: बेसमेंट, दुसरा दिवस. नेलपॉलिशची बाटली.)

हे बहिणीचं नेलपॉलिश. बटणं जिथे बरोबर बसली तिथे एकेक ठिपका लावतायत, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. केशरी डब्यावर लाल दिसत नाही, म्हणून त्याला पांढरा. टिफिनला लाल. अँपच्या मिडलवर दोन ठिपके आहेत, कारण दोघांचं अजून पटलेलं नाही.