गाडीनं आलेली कुपी

(दृश्य: रत्नागिरी स्थानक, पहाट, पाऊस)

मुंबईच्या गाडीतून उतरलेला हा थर्माकोलचा डबा. आत बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध एक काचेची कुपी. रिकामी वाटते ना? तळाशी पांढरा पापुद्रा आहे, तो बघा. ते एनजीएफ, मज्जातंतूंच्या वाढीला लागणारं मानवी प्रथिन. माणसाच्या शरीरातून काढलेलं नाही; माणसाचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून बनवून घेतलेलं.

(दृश्य: महाविद्यालयाची प्रयोगशाळा, मॅडमचे हात)

कुपी लगेच उघडत नाहीत. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, म्हणजे झाकणाला लागलेली भुकटी खाली बसते. मग निर्जंतुक द्रावण, काचेच्या कडेनं, हळूहळू. खळखळवायचं नाही, फेस झाला की प्रथिन बिघडतं. द्रावणात थोडं अल्ब्युमिन, म्हणजे दुसरं एक साधं प्रथिन, घालतात, नाहीतर एवढंसं प्रथिन नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून संपायचं. मग छोट्या छोट्या नळ्यांत वाटणी. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

नळ्या जातात उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. आणि तो फ्रीझर ज्याच्या भरवशावर, तो हा बाहेरचा जुना जनरेटर. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. इथं संशोधनाच्या हिशेबात डिझेल आधी येतं, रसायनं नंतर.

(दृश्य: जांभ्याचा सडा, फुरसं)

या प्रथिनाच्या शोधात सापही आहे. इटलीत ज्यूंना विद्यापीठांतून काढलं, तेव्हा शास्त्रज्ञ रिटा लेवी-मोंताल्चिनी यांनी घरी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर काम केलं. पुढे अमेरिकेत त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी, हे प्रथिन ज्यात मिळत होतं त्या उंदराच्या गाठीच्या अर्कातली न्यूक्लिक आम्लं (डीएनए, आरएनए) तोडायला सापाचं विष घातलं, तर विषातच ते प्रथिन अर्कापेक्षा कितीतरी जास्त निघालं! मग त्यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या, तिथंही भरपूर. १९८६ साली दोघांना नोबेल. तो साप अमेरिकेतला होता, हे फुरसं नव्हे. पण आपल्या नागाच्या, घोणसाच्या विषातही एनजीएफ असतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक, पहिला दिवस)

या पीसी१२ पेशी, उंदराच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीच्या. सगळ्या गोल. एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम एनजीएफ दिलंय.

(दृश्य: सहावा दिवस, पेशींना तंतू फुटलेले. निवेदन थांबवावे.)

याच प्रथिनापासून केलेल्या डोळ्यांच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या कुपीवर मात्र ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलंय.

आता मोजणी. पेशीच्या रुंदीच्या दुप्पट लांब तंतू असेल, तरच ती पेशी धरायची. मोजणारी मुलगी देवरुखची. एमएस्सीनंतर तिला इथंच काम करायचंय. दुसऱ्या जनरेटरचा अर्ज अजून टेबलाटेबलावर फिरतोय.