‘बाबा गाडी चालवताना असंच म्हणतात’

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिला तो फोनवर, आणि जरा दबक्या आवाजात. "सर, पालकांनी मुलांसमोर शिव्या द्याव्यात का?" आणि लगेच घाईघाईने, "म्हणजे देऊ नयेत हे तर झालंच, पण तुम्ही पाऊण तास बोला." आता देऊ नयेत एवढंच सांगायचं असतं तर त्याला पाऊण तास कशाला, गुलाबाच्या फोटोवर सुविचार लिहून ग्रुपवर टाकला असता, सगळ्यांनी हात जोडले असते, विषय संपला असता.

मी शाळेत मराठी शिकवतो, चौथीला. एकोणीस वर्षं झाली. शिव्या या विषयात चौथीचा वर्ग म्हणजे काय आहे हे फक्त चौथीच्या मास्तरलाच माहीत. एकदा पाण्याच्या टाकीपाशी रांग होती, मागच्याने पुढच्याला ढकललं, पुढचा वळला आणि त्याने एक अशी सणसणीत आईवरून दिली, उच्चार इतका स्वच्छ की मी मराठीचा शिक्षक म्हणून आधी खूश झालो आणि मग भानावर आलो. बाजूला घेतलं, विचारलं बाळा हे कुठे शिकलास. तो म्हणाला, "बाबा गाडी चालवताना असंच म्हणतात." त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही हो. बाबांना बोलावलं. सज्जन माणूस, बँकेत नोकरी. म्हणाले, "सर, मी कुणाच्या तोंडावर नाही देत, काच वर असते गाडीची." काच वर असते खरी, पण पोरगं आतच बसलेलं असतं ना.

तर आधी एक सांगून टाकतो. पोरांना शब्द कळू नयेत म्हणून आपण जो आटापिटा करतो तो फुकट आहे. शब्द कळणारच. बिल्डिंगखाली कळतील, स्कूलबसमध्ये कळतील, गेम खेळताना हेडफोनवर पलीकडचा कुणीतरी दिल्लीचा पोरगा शिकवेल. हल्ली सातवीतली पोरं बीसी हा शब्द स्वल्पविरामासारखा वापरतात, दोन अक्षरांत काय दडलंय ते निम्म्यांना माहीत पण नसतं. आणि आपण तरी काय, च्यायला म्हणतोच की. मीही म्हणतो. च्यायला म्हणजे ‘त्याच्या आयला...’ मधला आधीचा नि नंतरचा भाग गिळून उरलेलं आहे, मायला तसंच, आणि साला म्हणजे तर बायकोचा भाऊ, म्हणजे समोरच्याच्या बहिणीबद्दल आपण काय सुचवतोय ते बघा. गंमत अशी की याच डोंबिवलीत मी अशा आया बघितल्यात ज्या फोन खाली पडला की खुशाल ‘शिट’ म्हणतात आणि पोराने ‘च्यायला’ म्हटलं की फटका देतात. त्या शिटचं मराठी करून बघा एकदा जेवणाच्या टेबलावर. हसू नका, करून बघा.

शिव्या आत्ता वाढल्या, मोबाईलने वाढल्या, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी परळची गोष्ट. मुंबईतलं परळ. तिथे शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकातला एक शिलालेख सापडला. दान दिल्याचा लेख आहे, बहुतेक मजकूर संस्कृतात, आणि शेवटी हे दान जो कोणी मोडेल त्याला दिलेला शाप, तो मात्र मराठीत. त्यात गाढव आहे आणि त्या माणसाची आई आहे, पुढचं मी इथे बोलत नाही, समोर मंडळी बसलीत. नुसता लेख नाही, असे गधेगाळ म्हणतात ते दगड कोकणात आणि महाराष्ट्रात इतरही ठिकाणी सापडतात, वर चंद्रसूर्य कोरलेले आणि खाली ते गाढवाचं चित्र, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. मला काय वाटतं, सगळं संस्कृतात लिहिलं आणि शिवी तेवढी मराठीत, कारण ती लागायला हवी होती. शिवी लागते ती आईच्या भाषेतच. आणि हेही बघा, दान मोडणार पुरुष, शिक्षा कुणाला, त्याच्या आईला. आठशे वर्षांहून जास्त झाली, आपण ट्रॅफिक सिग्नलला अजून तेच करतोय, पुढच्याने इंडिकेटर दिला नाही की शिवी त्याच्या आईला, ती बिचारी कुठेतरी गवार मोडत बसलेली असते.

आता माझ्या घरचं. माझी आजी मालवणची. तिच्या तोंडात ‘मेल्या’शिवाय वाक्य सुरू होत नसे. "मेल्या, खंय मराक गेल्लंस? पेज निवली मरे." हे प्रेम होतं. ती ज्या दिवशी मला नुसत्या नावाने हाक मारायची त्या दिवशी मी घाबरायचो, कारण आज काहीतरी बिनसलंय हे कळायचं. आणि आमच्याकडची ती सुप्रसिद्ध शिवी, आवशीचो घोव. आऊस म्हणजे आई, घोव म्हणजे नवरा. तुझ्या आईचा नवरा, म्हणजे तुझे वडील! यात शिवी कुठे आहे हे मला अजून कुणी समजावून देऊ शकलेलं नाही, पण ती ज्या सुरात येते त्या सुरात ती शिवी असते. देशावरच्या बायकांचा तर वेगळाच बाज, मुडदा बशिवला तुझा, वाटोळं होईल, तळपट होईल, मसणात जा. त्या शाप देतात, पुरुष आयमाय काढतात. यावर कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा खरं तर, पण तो माझा प्रांत नाही.

आजीचं का सांगितलं, तर तिच्या शिव्या आम्ही नातवंडांनी लहानपणी पोत्याने ऐकल्या आणि आमचं काही बिघडलं नाही. का बिघडलं नाही हा मला पडलेला प्रश्न आहे. कारण माझ्या वर्गात अशी मुलं येतात ज्यांच्या घरी शिव्या आजीपेक्षा कमी असतील पण ती मुलं हात उचलला की खांदे आत घेतात.

दुसरं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, वाजतगाजत, आणि एकमेकींना हातवारे करून शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. बघायला गर्दी होते, बाप पोराला खांद्यावर घेऊन बघतो. शिमग्याला कोकणात हेच, होळीभोवती बोंब मारायची, पोराटोरांनी मोठ्यांची नावं घेऊन काय वाट्टेल ते ओरडायचं आणि मोठ्यांनी ते ऐकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पोरगं तेच बोललं तर मात्र कानफटात. म्हणजे आपल्या लोकांना हे कळत होतं की शिवीला जागा द्यायची, तिथी द्यायची, आणि दोन्ही काठांवर सारखी माणसं उभी करायची. इकडून जशी जाते तशी तिकडून येते. माझ्यासाठी हे ‘सारखी’ महत्त्वाचं आहे, त्यावर परत येतो.

थोडं संशोधनाचं सांगतो, कारण आजकाल त्याशिवाय कुणी ऐकत नाही. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, एकदा शिवी देत आणि एकदा साधा शब्द म्हणत. शिवी देताना पोरांनी हात सरासरी 40 सेकंदांच्या आसपास जास्त वेळ ठेवला. 2009 साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळालं, ते गमतीचं नोबेल असतं ना, ते. तेव्हा पायाच्या करंगळीला सोफा लागला आणि तोंडातून निघाली तर पोरासमोर लाजायचं कारण नाही, ते औषध आहे. पण पुढे त्यांनीच बघितलं की जे लोक रोज उठता बसता शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे औषध रोज खाल्लं की लागू पडत नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, पेन्सिल्व्हेनियाचा. 976 कुटुंबं, मुलं तेरा वर्षांची. त्यात बघितलं ते आईबाप मुलांवर ओरडतात, मुलांना शिव्या देतात, आळशी बिनडोक वगैरे म्हणतात त्याचं काय होतं. ज्या घरांत ते जास्त, तिथल्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात उदासी वाढलेली दिसली आणि वागणंही बिघडलेलं. आणि यातलं मला सगळ्यात टोचलेलं म्हणजे, एरवी घरात माया भरपूर असली तरी हा परिणाम कमी झाला नाही. आपण म्हणतो ना, मी बोलतो पण मनात काही नसतं, नंतर जवळ घेतो, आइस्क्रीम आणतो. तर ते आइस्क्रीम तिथपर्यंत पोचत नाही असं दिसतं.

नीट बघा, सोफ्याला दिलेली शिवी आणि पोराला दिलेली शिवी, शब्द तोच असेल. आजी मेल्या म्हणायची तेव्हा माझ्या ताटात मासा वाढत असायची. म्हणून मला तो ‘द्याव्यात की देऊ नयेत’ हा प्रश्नच थोडा तिरका वाटतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. पेपरात आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पोटभर हसले सगळे, दंड वसूल कोण करणार, सरपंच चिडला तर काय, वगैरे. मला नाही हसू आलं. कारण त्यांनी सरसकट शिव्या बंद म्हटलं नाही, मुद्दा पकडला तो बाईच्या नावाने देण्याचा. दोन पुरुषांच्या भांडणात तिसरी बाई कशाला ओढता. आता 500 रुपयांनी जीभ सुधारते का, माझा फारसा विश्वास नाही, पण ग्रामसभेत माईकवर या विषयाची चर्चा झाली, बाया बसलेल्या असताना झाली, तेवढ्यानेही काहीतरी झालंच असेल. त्याच गावाने संध्याकाळी 7 ते 9 मुलांच्या हातात मोबाईल नको असंही ठरवलं, म्हणजे शिव्यांचा दुसरा क्लासही बंद.

तर मुलं नक्की काय शिकतात? मी इतकी वर्षं बघतोय, मुलं शब्द आपल्याकडून शिकत नाहीत, शब्द कुठेही मिळतो. आपल्याकडून ती शिकतात शिवी कुणाला द्यायची. त्या बँकवाल्या बाबांना मी एवढंच विचारलं, की साहेबांच्या गाडीने कट मारला तर काच वर करून देता का. ते हसले. नाही देत. रिक्षावाल्याला देतात, डिलिव्हरीच्या पोराला देतात, स्कूटीवरच्या बाईला देतात. पोरगं मागे बसून ही यादी पाठ करत असतं, पाढ्यासारखी. आणि यादीत कोण नाही तेही. बोरीच्या ओढ्यावर दोन्ही काठांना सारखी माणसं असतात, इथे ती सारखी नसतात.

आता मला बोलायला सोपं जातंय कारण मी दुसऱ्याच्या पोराचं सांगतोय. माझं सांगतो.

आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. पावसाळ्याचे दिवस, लोकल रखडलेली, मी त्याला क्लासवरून घेऊन गाडीने सोसायटीत आलो तर माझ्या पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी. वॉचमन धावत आला, आणि मी त्याला दिली. पगार कसला घेतोस म्हणालो, आणि त्याच्या आधी ती शिवी. तो छत्री धरून उभा, "हो साहेब, सॉरी साहेब." त्याने गाडी काढायला लावली, मी वर गेलो, भजी खाल्ली, विसरलो पण.

तीनेक आठवड्यांनी पोरं खाली खेळत होती, बॉल गेटबाहेर गेला. बायको गॅलरीत कपडे काढत होती, तिने ऐकलं. आमचा चिरंजीव वॉचमनला म्हणाला, "ए अमुकतमुक, बॉल दे ना." रागात नाही बरं का. अगदी गोड आवाजात, जसं काका बॉल द्या ना म्हणावं तसं. त्याला वाटलेलं वॉचमनला हाक अशीच मारतात. तीच हाक त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीला मारली नसती, ते त्याला कुणी न सांगता कळलेलं होतं.

मी त्याला घेऊन खाली गेलो, माफी मागायला लावली. वॉचमन लातूरकडचा, पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "जाऊ द्या साहेब, लेकरू हाय, त्याला काय कळतंय." मग मी जरा धीर करून म्हणालो की चूक त्याची नाही, त्या पावसाच्या दिवशी मी तुम्हाला बोललो ते चुकलं, तेही याच्यासमोर. मला आपलं वाटत होतं मी फार मोठं काहीतरी करतोय.

तो थोडा वेळ गेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी आमचा धाकटा आला हुता गावाकडनं. केबिनमधी बसला हुता."

मला पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं कितवीत आहे. चौथीत, म्हणाला.

चला, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माईक फिरवा मागे.