दूरच्यांसाठी डोळ्यांत पाणी

मंडळी, आजचा विषय तसा चेष्टेचा आहे. छोटं गाव, गावातलं चर्च, चर्चचं महिला मंडळ आणि त्या मंडळातल्या खाऊनपिऊन सुखी बायका. इंग्रजी साहित्याने यांची मनसोक्त टिंगल केली आहे. पण दानधर्माचा आव आणणारं हे पात्र कादंबरीच्या फार आधीपासून आहे. बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा भेटतात. दोघं मिळून मालमत्ता विकतात, थोडे पैसे मागे ठेवतात आणि उरलेले प्रेषितांच्या पायाशी ठेवताना सगळेच दिल्याचं भासवतात. त्यावर प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. म्हणजे पैसे राखायला कुणाची ना नव्हती. ना होती ती आव आणायला. सुमारे तीन तासांनी सप्पीरा येते, विचारल्यावर तीच खोटी किंमत सांगते आणि जागच्या जागी मरून पडते. पुढच्या लेखकांनी आपल्या बायकांना एवढी कडक शिक्षा केली नाही. त्यांनी त्यांना नुसतं बोलू दिलं.

इंग्रजी कादंबरीकार डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’मधल्या (१८५२-५३) मिसेस जेलिबी तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. आफ्रिकेत नायजरच्या काठी वसाहत उभारण्यासाठी ढीगभर पत्रं लिहितात, आणि इकडे घरात पोरं जिन्यावरून गडगडतात. लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतो ते हेच. मला मात्र त्यांच्यापेक्षा त्याच कादंबरीतल्या मिसेस पार्डिगल जास्त महत्त्वाच्या वाटतात. जेलिबीबाई निदान स्वतःचंच घर बुडवतात. पार्डिगलबाई दुसऱ्याच्या घरात शिरतात.

त्यांना पाच मुलगे. थोरला एग्बर्ट बारा वर्षांचा. त्याने आपल्या खाऊच्या पैशांतून पाच शिलिंग तीन पेनी दूरच्या अमेरिकन इंडियन लोकांसाठी ‘दिले’ असं त्या कौतुकाने सांगतात. धाकटा आल्फ्रेड पाच वर्षांचा. तो लहान मुलांच्या एका संघात ‘स्वखुशीने’ दाखल झालाय आणि जन्मभर तंबाखूला न शिवण्याची त्याने शपथ घेतली आहे! पुढे रस्त्यात केकचं दुकान लागतं. खिशात दमडी नसलेला हा त्यागमूर्ती संतापाने जांभळा पडतो. डिकन्स आईला एक वाईट शब्द बोलत नाही. हिशेब तिच्या तोंडून वदवतो आणि पोराचा चेहरा आपल्यासमोर धरतो. बस.

मग बाई वीटभट्टीवरच्या मजुराच्या खोपटात जातात. मजूर जमिनीवर लोळलेला. तो त्यांना प्रश्नच विचारू देत नाही. त्यांचे ठरलेले प्रश्न स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तरं देतो. घर घाण आहे का? आहे. ठेवून गेलेलं पुस्तक वाचलं का? नाही. दारू? तीन दिवस चालूच होती. पार्डिगलबाई शांतपणे धर्मग्रंथ काढून मोठ्याने वाचतात आणि पुढच्या घरी निघतात. त्याच खोलीत शेकोटीजवळ एक बाई आजारी बाळ मांडीवर घेऊन बसलेली असते. तिचा डोळा काळानिळा झालेला. पार्डिगलबाई गेल्यावर, त्यांच्यासोबत आलेल्या पण मागे राहिलेल्या दोन तरुण मुली तिच्याजवळ जातात. तेवढ्यात ते बाळ जातं.

आता शंभरेक वर्षं पुढे, अमेरिकेत या. हार्पर लीची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० ची, काळ १९३० च्या दशकातला, गाव अलाबामातलं मेकॉम्ब. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचं मिशनरी मंडळ वकील फिंच यांच्या घरी चहाला जमलंय. मिसेस मेरीवेदर या गावातल्या सर्वांत धर्मनिष्ठ बाई समजल्या जातात. दूरच्या म्रुना जमातीची दुःखं सांगताना त्यांचे डोळे भरून येतात. दुरून डोंगर साजरे, तशी दुरून गरिबी. कारण पुढच्याच मिनिटाला विषय निघतो त्यांच्या घरच्या काळ्या मोलकरणीचा, सोफीचा. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाला खोट्या आरोपावरून दोषी ठरवल्यामुळे सोफी धुसफुसतेय. बाईंनी तिला समज दिली, की येशू कधी कुरकुर करत फिरला नाही. तिला ठेवलंय कशासाठी, तर मंदी आहे आणि तिला आठवड्याच्या सव्वा डॉलरची गरज आहे म्हणून. वर, अमेरिकेच्या उत्तरेकडचे लोक ढोंगी, हेही त्याच सांगतात!

मग त्या टॉमची बाजू घेणाऱ्या वकिलावर, त्याचं नाव न घेता, घसरतात. खात असतात त्याच्याच घरात. तेव्हा शेजारच्या मिस मॉडी एवढंच विचारतात, की त्याचं अन्न घशात अडकत नाही ना? सगळ्या प्रकरणात हा एकच उघड वार आहे. उगाच टोपी, दागिने, जाडी यांवर विनोद करणारे लेखक इथे काही शिकले असते तर बरं झालं असतं.

ही अशी मंडळं म्हणजे नुसतं थोतांड, असं मात्र समजू नका. १८६९ मध्ये बोस्टनमध्ये मेथडिस्ट बायकांनी स्वतःची परदेशी मिशनरी संस्था काढली. सभासदांनी आठवड्याला दोन सेंट द्यायचे. त्या पैशांवर शिक्षिका इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन १८७० मध्ये भारतात आल्या. स्वेनबाईंनी बरेलीत स्त्रियांसाठी दवाखाना उभा केला. तोच चहा, तशाच खुर्च्या. म्हणून नुसतं मंडळ दाखवून ढोंग सिद्ध होत नाही. त्या खोलीत सोफीचा विषय निघाला की बाई काय बोलतात, हे दाखवावं लागतं.

आणि एक गोष्ट मला खटकते. अशा चित्रांत हमखास बाईच का? त्या काळी चर्चचं व्यासपीठ बायकांना बंद, कारभारही बहुतेक पुरुषांकडे. उरली ती समिती आणि चहा. तिथे त्यांनी जो काही रुबाब केला तो लेखकाच्या डोळ्यांत भरला. मेकॉम्बच्या बायका टॉमबद्दल नको ते बोलल्या, हे खरं. पण अलाबामात १९६६ पर्यंत बाईला ज्यूरीवर बसताच येत नव्हतं. टॉमला दोषी ठरवणारे बाराही जण पुरुष होते, आणि त्यांतल्या एकालाही कुणी चहाला बसवून बोलतं केलेलं नाही.