म्लेच्छ म्हणजे नक्की कोण?

आता म्लेच्छ म्हटलं की आपल्याला ऐतिहासिक कादंबरीतला परका आक्रमकच आठवतो, पण हा अर्थ बराच उशिरा पक्का झाला. मुळात भानगड होती ती जिभेची. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या जुन्या यादीत, म्लेच्छ धातूचा अर्थ दिलाय ‘अव्यक्ते शब्दे’, म्हणजे अस्पष्ट, ऐकणाऱ्याला कळणार नाही असं बोलणं. धर्माचं नाव नाही, कातडीच्या रंगाचं नाही.

इ.स.पू. 2ऱ्या शतकात पतंजली महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथाच्या सुरुवातीलाच विचारतो की बाबांनो, व्याकरण शिकायचं कशाला? आणि कारणं देताना एक जुनी गोष्ट काढतो. असुरांना म्हणायचं होतं ‘हे अरयः’, म्हणजे अहो शत्रूंनो, पण ते म्हणाले ‘हेलयो हेलयः’ आणि हरले. र चा ल झाला आणि गेलं सगळं! वर तो म्हणतो, अपशब्द म्हणजेच म्लेच्छ, आपण म्लेच्छ होऊ नये म्हणून व्याकरण शिका. पण गंमत बघा, त्याच्या शंभरेक वर्षं आधी अशोकाच्या पूर्वेकडच्या लेखांत राजाला चक्क ‘लाजा’ म्हटलंय, कारण मगधाकडच्या बोलीत र चा ल सर्रास व्हायचा. म्हणजे पतंजलीची फूटपट्टी लावली तर एवढा मोठा सम्राटच म्लेच्छ ठरतो, आता बोला!

ग्रीकांचंही तेच. परक्यांची भाषा कानाला बरबर बरबर लागते म्हणून ते सगळे ‘बार्बारोस’. आणि तेच ग्रीक इकडे आपल्याकडे यवन म्हणून म्लेच्छांच्या यादीत जाऊन बसले.

नंतर शब्दाला नकाशा चिकटला. मनुस्मृती म्हणते काळवीट जिथे आपसूक फिरतं तो देश यज्ञाला योग्य, त्यापलीकडे म्लेच्छदेश (काळवीटाला ही हद्द कोणी दाखवली देव जाणे). कौटिल्याकडे तर हा शब्द थेट कायद्यात आला. म्लेच्छाने पोटचं पोर विकलं किंवा गहाण ठेवलं तर दोष नाही, पण आर्याला मात्र दास करायचं नाही. इथे मला हा शब्द खरा बोचतो, कारण उच्चाराला हसणं वेगळं आणि कोणाचं मूल विकाऊ आहे हे त्यावरून ठरवणं वेगळं.

बरं, नावं ठेवायची पण अडायचं मात्र त्यांच्यावाचूनच. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तांब्याचं एक नाव ‘म्लेच्छमुख’ आहे, म्हणजे रोजच्या धातूच्या नावातही तेच. कामसूत्रातल्या 64 कलांमध्ये ‘म्लेच्छितविकल्प’ आहे, म्हणजे गुप्त भाषेत लिहायची-बोलायची कला, आजच्या भाषेत कोडिंग म्हणा हवं तर. आणि महाभारतात पांडव वारणावताला निघतात तेव्हा विदुर सगळ्यांदेखत युधिष्ठिराला लाक्षागृहाचा धोका सांगतो तो अशाच भाषेत, युधिष्ठिर नुसतं ‘समजलं’ म्हणतो, कुंतीला काहीच कळत नाही, ती नंतर विचारते हे काय बोलला रे तो? पुढे विदुराने पाठवलेला खणणारा माणूस येतो, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, तर तो सांगतो की विदुर तुझ्याशी म्लेच्छवाणीत काहीतरी बोलला होता आणि तू ‘ठीक’ म्हणालास, हीच माझी खूण. चक्क पासवर्ड! म्हणजे हस्तिनापूरच्या दोन शहाण्या माणसांना ती भाषा येत होती आणि तिच्यामुळेच सगळे वाचले.

6व्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर तर सरळ लिहितो की यवन म्लेच्छ आहेत खरे, पण ज्योतिषशास्त्र त्यांच्याकडे नीट आहे म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. अर्थात लगेच पुढे जोडतो, मग ज्योतिषी ब्राह्मणाचं काय सांगावं!

मध्ययुगात तुर्क-अफगाण सत्ता आल्यावर मात्र हा शब्द जास्तकरून मुसलमान राज्यकर्त्यांना लागायला लागला, रामदासांच्या ‘आनंदवनभुवनी’ या काव्यात ‘म्लेंच्छसंहार जाहला’ येतं ते औरंगजेबाच्या संदर्भात. त्याच काळातला, शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला राज्यव्यवहारकोश घ्या. प्रस्तावनेत म्लेच्छांच्या उच्छेदाचा उल्लेख आहेच, पण तक्रार आहे ती यावनी (इथे ग्रीक नव्हे, फारसी-अरबी) शब्दांनी कारभाराची भाषा झाकोळून टाकल्याची. म्हणून मग फारसी शब्दांना संस्कृत पर्याय, अगदी पदांच्या नावांनाही: मजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, पेशव्याचा प्रधान. त्यातला पेशवा काही हटला नाही, पुढे 18व्या शतकात पुण्यात पेशवेच होते.