मोटर चालू, पण झाडाला पाणी नाही

नमस्कार श्रोतेहो.

काटोल-नरखेडकडचे संत्रा बागायतदार नागपूरला माझ्याकडे तपासायला येतात, म्हणून आज बोलणं त्यांच्याच वावरातून सुरू करतो. ठिबकची मोटर चालू आहे, मेनलाइन मोकळी, सबमेन मोकळी, तरी झाडं सुकताहेत. जवळ जाऊन बघावं तर ड्रिपरची बारीक भोकं क्षारांनी बुजलेली. पाण्याला वाट नाही, आणि मागे दाब वाढत जातो. कॅन्सर फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरतो, तेव्हा हेच घडतं.

शरीरभर फिरून आलेलं रक्त, मिनिटाला साधारण 5 लिटर, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांत जातं. गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशींना वाटेत लागणारी ही मोठी गाळणी. तिथल्या बारीक धमन्यांच्या अस्तराला त्या चिकटतात. त्यांच्यामुळे रक्ताला वाटतं, इथे जखम झाली आहे. मग ते गोठू लागतं. पेशींतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे धमनीचं अस्तरही जाड होत जातं. म्हणजे पेशी असतात थोड्या, बुजवण्याचं बरंचसं काम शरीरच करतं. मला या आजारातली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते. रक्त पातळ करण्याची औषधं एकटी इथे पुरत नाहीत, कारण गुठळी विरली तरी जाडावलेलं अस्तर तसंच राहतं.

उजव्या कप्प्याची भिंत मुळात पातळ, कमी दाबाची सवय असलेली. तिला अचानक चढावर गाडी ढकलावी लागते. कप्पा फुगतो, पायांवर सूज येते, चार पावलांत दम लागतो. अरुंद झालेल्या वाटेतून जाताना तांबड्या पेशीही फुटू शकतात.

याचं नाव लांबलचक आहे : पल्मनरी ट्यूमर थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपथी. 1990 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी कॅन्सरने दगावलेल्या 630 जणांच्या शवविच्छेदनांत असे 21 रुग्ण नोंदवले. सगळ्यात जास्त वेळा मूळ गाठ जठराची असते. कॅन्सर आणि गुठळ्यांचं नातं मात्र त्याहून कितीतरी आधी, 1865 मध्ये, ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढे त्यांच्या स्वतःच्या शिरेत गुठळी झाली आणि 1867 मध्ये ते जठराच्या कॅन्सरनेच गेले.

घाबरू नका, हा आजार दुर्मीळ आहे. कॅन्सरच्या रुग्णाला दम लागण्याची कारणं बहुधा वेगळीच असतात : रक्त कमी होणं, छातीत पाणी, न्यूमोनिया, किंवा पायातून फुप्फुसात गेलेली मोठी गुठळी. या सगळ्यांवर उपचार आहेत. एकच पिंढरी सुजून दुखत असेल आणि दम लागत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

या आजारात मात्र सीटी स्कॅनवर मोठ्या धमन्या स्वच्छ दिसू शकतात. मेनलाइन मोकळीच असते ना! रिपोर्टवर ‘गुठळी नाही’ वाचून घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि रुग्णाचा दम वाढतच जातो. अशा वेळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून उजव्या कप्प्यावर ताण आहे का ते बघावं लागतं. वेळ थोडा असतो, कधी काही दिवस, कधी काही आठवडे. मूळ कॅन्सरवर केमो लवकर सुरू झाली तर काही जणांना उसंत मिळते.

जठराच्या कॅन्सरचे एक काका आले होते. अशक्तपणा आहे, असं त्यांना आधी एके ठिकाणी सांगितलं होतं. काकूंनी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं. दुधाच्या हिशोबाशेजारी, पेन्सिलीने : सोमवार, विहिरीपर्यंत. बुधवार, ओसरीपर्यंत. शुक्रवार, मोरीपर्यंत. ‘‘डॉक्टरसाहेब, हे काही रिपोर्ट नाही,’’ त्या संकोचून म्हणाल्या. त्या पाच दिवसांच्या तीन ओळी वाचून मी त्याच दुपारी इको करायला लावला. काकांना आम्ही वाचवू शकलो नाही. पण त्यांना काय होतंय, हे त्यांना आणि काकूंना वेळेत कळलं, आणि धाकटी लेक पुण्याहून येऊन पोचली.

तुमच्या घरी कॅन्सरचं माणूस असेल आणि त्याचा दम आठवड्याभरात वाढत असेल, तर काल कुठवर चाललं, आज कुठे थांबलं, एवढं लिहून आणा. कॅलेंडरवर लिहिलेलं चालतं.

नमस्कार.