चार्ज कोणाकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

पोलीस दलातील महिलांचे नेतृत्व आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षण, हा आजचा विषय आहे. एकतीस वर्षे खाकी अंगावर वागवून मी निवृत्त झाले आणि या सगळ्या काळात माझे एकच मत पक्के होत गेले, ते सुरुवातीलाच सांगून टाकते. नेतृत्व वर्गात बसून अर्धेच येते; उरलेले अर्धे चार्ज हातात पडल्यावर येते. हा ‘चार्ज’ शब्द, म्हणजे एखाद्या कामाची पूर्ण जबाबदारी, लक्षात ठेवा, कारण तो मी पुन्हा पुन्हा उच्चारणार आहे.

महिला दलात आल्या नाहीत, अशी तक्रार आता करता येत नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे, आणि पोलीस दलात ३३ टक्के महिला असाव्यात अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१३ मध्ये सर्व राज्यांना केली. देशातले पहिले महिला पोलीस ठाणे १९७३ मध्ये केरळात कोळिकोड येथे सुरू झाले. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ मध्ये उभी राहिली, आणि त्याच दलातील महिलांची तुकडी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून लायबेरियाला गेली. आपल्याकडे मीरा बोरवणकर यांनी मुंबईच्या गुन्हे शाखेचे नेतृत्व केले आणि पुढे त्या पुण्याच्या पोलीस आयुक्त झाल्या. २०२४ मध्ये रश्मी शुक्ला यांच्या रूपाने राज्याला पहिल्या महिला पोलीस महासंचालक मिळाल्या. (वर्तमानपत्रे अशा वेळी ‘रणरागिणी’ असा मथळा देतात. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. पुरुष अधिकाऱ्याला कोणी रणमर्द म्हणत नाही, त्याला नुसते अधिकारी म्हणतात.)

परंतु ही सगळी शिखरावरची नावे झाली. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याला हैदराबादच्या राष्ट्रीय अकादमीत मूळ प्रशिक्षण मिळते आणि नोकरीच्या ठरावीक टप्प्यांवर पुन्हा प्रशिक्षणाला बोलावणे येते. तुरची, खंडाळा, नानवीज यांसारख्या राज्यातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांतून कवायत शिकून बाहेर पडलेली महिला शिपाई किंवा नाशिकच्या अकादमीतून आलेली महिला फौजदार मात्र ठाण्यात रुजू होते आणि बहुधा ‘महिलांच्या तक्रारी’ या टेबलाला चिकटते. महिला आरोपीची झडती, महिला आरोपीसोबतचा प्रवास, महिलांचा जबाब. ही कामे महत्त्वाचीच आहेत, पण वर्षानुवर्षे तेवढीच केली की बाईंच्या नावावर ना गुन्हे शोध पथक जमा होते, ना मोठा बंदोबस्त. मग बढतीच्या वेळी ‘अनुभव कमी आहे’ असे सांगायला साहेब मोकळे.

माझेही तेच व्हायचे होते. ते का झाले नाही, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

नोकरीचे दुसरे वर्ष होते, तालुक्याचे ठाणे होते. जत्रेच्या आदल्या दिवशी शेजारच्या तालुक्यात मंत्र्यांचा दौरा लागला आणि निरीक्षक साहेब निम्मी माणसे घेऊन तिकडे गेले. सहायक निरीक्षक आजारी रजेवर होते. संध्याकाळी वायरलेसवर निरोप आला, ‘जत्रेचा चार्ज तुमच्याकडे.’ तोवर मी एकदाही बंदोबस्ताचा कागद, म्हणजे कोण कुठे आणि कधी उभे राहणार याची आखणी, स्वतः लिहिलेला नव्हता. ठाण्यात एक जुने हवालदार होते. आमच्याकडे हवालदाराला ‘मेजर’ म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मेजरांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, लिहा.” मी लिहिले. त्यांनी वाचून विचारले, “पोरांना पाणी कुठून मिळणार? जेवायला कधी सोडणार? वेशीत गर्दी अडली तर दुसरी वाट कोणती?” मी दुसऱ्यांदा लिहिले. त्यांनी पुन्हा तीन प्रश्न विचारले. तिसरा कागद त्यांनी घडी करून माझ्याच खिशात ठेवायला सांगितला, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी नेमके वेशीतच दोन पालख्या समोरासमोर आल्या. आधी आत कोणी जायचे, यावरून दोन्ही आळ्यांची माणसे एकमेकांच्या अंगावर येऊ लागली. माझ्या तोंडून निघून गेले, “मेजर, काय करू या?” ते माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, “मॅडम, इथं विचारायचं नाही, इथं सांगायचं. विचारायचं ते ठाण्यात, दार लावून.”

आदल्या रात्री मेजरांच्या धाकाने मी जत्रेची जुनी फाईल चाळली होती. तिच्यात दोन्ही आळ्यांच्या माणसांनी अंगठे उठवलेला एक तडजोडीचा कागद होता : एक वर्ष यांची पालखी आधी, एक वर्ष त्यांची. गेल्या वर्षी पावसाने जत्रा मध्येच मोडली होती, म्हणून ते वर्ष धरायचे की सोडायचे, हेच खरे भांडण होते. पोलीस पाटलांच्या नोंदीप्रमाणे पाऊस येण्याआधीच वरच्या आळीची पालखी वेस ओलांडून गेली होती. मी दोन्हीकडच्या दोन-दोन म्हाताऱ्यांना बाजूला बोलावले, नोंद वाचून दाखवली, भोंगा हातात घेतला आणि सांगितले, “गेलं वर्ष धरलं आहे. आज खालची आळी आधी जाईल.” वीस मिनिटे कुरकुर झाली. मग खालच्या आळीचे ढोल वाजले आणि पालखी आत गेली.

आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून मुद्दा आवरते. त्या दोन दिवसांत मला जे मिळाले, ते प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात बसवणे अवघड नाही. महिला अधिकाऱ्यांच्या वर्गात व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणे कमी करावीत आणि त्यांच्याकडून जत्रेचा, मोर्चाचा, निवडणुकीचा बंदोबस्त लिहून घ्यावा. लिहिलेला कागद अनुभवी माणसाने तपासावा. आणि वर्ग संपल्यावर सहा महिन्यांच्या आत प्रत्येकीला कशाचा तरी स्वतंत्र चार्ज द्यावा. चार्ज नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगायच्या कामाचे. शिवाय, ज्या केंद्रात लहान मूल ठेवायची सोय नाही, तिथे तिशीतली बाई प्रशिक्षणाला येतच नाही, आणि मग ‘महिलांना रस नाही’ असा शेरा पडतो. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिलांची ड्यूटी बारा तासांवरून आठ तासांवर आणली, तेव्हा अनेकींना बढतीसाठीच्या विभागीय परीक्षेचे पुस्तक उघडायला वेळ सापडला असेल. आठ मार्चला गुलाबाचे फूल मिळते, त्यापेक्षा हे चार तास मला मोलाचे वाटतात.

एक सांगायचे राहिले. जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी निरीक्षक साहेब परतले, त्यांनी स्टेशन डायरी वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मेजरनं चांगलं सांभाळलं.” मी गप्प राहिले. मेजर सावधान उभे होते. ते म्हणाले, “साहेब, नोंदीखाली सही कोणाची आहे, ती बघा.”

नमस्कार.