फोकाच्चा: कच्च्या पिठावर खारं पाणी

सकाळचे सात वाजलेत. इटलीतलं जेनोवा, समुद्राला लागून असलेलं बंदराचं शहर, आणि बेकरीच्या दारात लोक कागदात गुंडाळलेला एकेक तुकडा हातात घेऊन उभ्याउभ्याच खातायत. हा फोकाच्चा. इथल्या बोलीत फुगासा. काहीजण तर तो कॅपुचिनोत बुडवून खातात, खारट तेलकट ब्रेड आणि दुधाची कॉफी, पण चहात खारी बुडवणाऱ्या आपल्याला हे काय सांगायला हवं!

नाव आलंय लॅटिनमधल्या फोकुसवरून, फोकुस म्हणजे चूल.

आता घरातल्या ओट्यापाशी येऊ. 500 ग्रॅम मैदा, साधारण 350 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, थोडं यीस्ट आणि ऑलिव्ह ऑइल. पीठ हाताला चिकटतं, लगेच वरून मैदा भुरभुरावासा वाटतो, पण ते अजिबात करायचं नाही कारण पाणी जास्त असतं म्हणूनच आत छान जाळी पडते. दुप्पट फुगलं की भरपूर तेल लावलेल्या ट्रेमध्ये पसरायचं. ते मागे सरकतं, हट्टी असतं, मग ओढाताण न करता पंधरा मिनिटं तसंच सोडायचं, नंतर आपोआप ऐकतं.

आता हे नीट बघा. दोन्ही हातांची बोटं सरळ खाली, पार ट्रेच्या तळापर्यंत, सगळीकडे खड्डे. आणि त्यावर पाणी, तेल आणि मीठ फेटून केलेलं सालामोइया चक्क ओतायचं, कच्च्या पिठावर! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की झालं, सगळा लगदा होणार. पण खड्ड्याखड्ड्यात ते पाणी साचतं, तासभर पीठ त्याच्यासकट पुन्हा फुगतं, आणि 220 डिग्रीला पंधरा-वीस मिनिटांत उंचवटे सोनेरी होतात, खड्डे मात्र पांढुरके, ओलसर, मऊ राहतात. माझ्या मते जेनोवाच्या फोकाच्चाचा सगळा जीव या खड्ड्यांत आहे.

हर्ब्सचं म्हणाल तर इथे सेजची पानं बारीक चिरून पिठातच मळतात, त्याचा वास भाजताना घरभर होतो. रोझमेरी वरून घालायची असेल तर आधी तेलात बुडवून घ्या, कोरडी घातली तर करपून कडू लागते. कांद्याचाही करतात, पातळ उभा चिरून.

जवळच्या रेक्को गावचा फोकाच्चा अगदीच वेगळा, यीस्ट नाही, दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये मऊ चीज. त्याला 2015 साली युरोपियन युनियनचा आयजीपी दर्जा मिळाला, म्हणजे आपल्याकडच्या जीआय टॅगसारखा, विशिष्ट भागाशी नाव जोडणारा.

ट्रे बाहेर आला की गरम असतानाच पुन्हा तेलाचा हात फिरवायचा. आणि खाताना तुकडा उलटा धरायचा, वरची बाजू खाली, म्हणजे मीठ आधी जिभेला लागतं.